चार नंबरचा जंपर

बारा जूनला, शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास मी केबल आणायला बाहेर पडलो. पिशवीत चष्मा, भिंग, फूटपट्टी, लहान सुरी आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एकच ओळ: जंपरसाठी केबल, सहा मीटर.

जंपर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही. हौशी रेडिओवाल्याच्या टेबलावर यंत्रं एका ओळीत मांडलेली असतात. रेडिओ, मीटर, एरियल जुळवायचा डबा आणि शेवटी वाट बदलायचा खटका. खटक्यापासून एक वाट भिंतीतल्या भोकातून छपरावरच्या तारेकडे जाते. या यंत्रांना एकमेकांशी जोडणारे हातभर लांबीचे केबलचे तुकडे असतात, त्यांना जंपर म्हणतात. बाहेरच्या लांब केबलची लोक फार काळजी घेतात. जंपरकडे कोणी बघत नाही. घरात उरलंसुरलं जे असेल त्यातून कापतात आणि यंत्रांच्या मागे ढकलून देतात. मीही तेच केलं होतं.

दुकानदाराला सगळे पट्टीवाला म्हणतात. त्याच्या काउंटरच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली आहे. तिच्यावर केबल मोजतो आणि मोजून झाल्यावर चार बोटं जास्त देतो.

"या साहेब. आम्हाला वाटलं, रेडिओ विकून टाकलात."

"नाही."

"दादांचं कळलं मला. वाईट झालं हो. इथे राहायचे तेव्हा माझा अर्धा दिवस खायचे. एक मीटर वायर घ्यायची आणि दहा मीटर बोलायचं."

मी हसलो असेन. त्याने रिळं काढली. पहिली आरजी-५८, बारीक. मी सुरीने टोकाची साल काढून बघितली. आतली तांब्याची जाळी विरळ होती, मधून पांढरं दिसत होतं. विरळ जाळीतून आतला आवाज बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आत शिरतो. दुसरी आरजी-२१३, करंगळीएवढी जाड. चांगली केबल, पण हातभर तुकडा वाकवायला गेलं तर हलका मीटर टेबलावरून ओढून नेईल. तिसरं रीळ त्याने स्वतःहून पुढे केलं.

"ही घ्या ना. फोमची. मागच्या वेळी हीच नेलीत. हलकी आहे, वळते छान."

"ही नको."

"का? काही तक्रार?"

"ही नको."

त्याने शिडी लावून वरच्या फळीवरून चौथं रीळ काढलं. आरजी-४००. तपकिरी अंग, आत एकावर एक दोन जाळ्या, दोन्हींवर चांदीचा मुलामा. मधला पांढरा थर टेफ्लॉनचा, डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, वितळत नाही. मधली तार एकसंध नाही, बारीक तारा पिळून केलेली. मी साल काढली, जाळी उलगडली, भिंगातून बघितली.

"सोनं घेताय का वायर? एवढं निरखून तर मी बायकोचा फोटोसुद्धा बघितला नव्हता," पट्टीवाला म्हणाला. "महाग आहे हां. हातभर तुकड्याला कोण लावतं ही? कानाला फरक कळणार आहे का तुमच्या?"

"नाही."

"मग?"

"सहा मीटर द्या."

त्याने मोजली आणि चार बोटं जास्त दिली.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी दोनशे किलोमीटरवर, एका उतारावरच्या घरात राहायला गेले. घरात फोनला रेंज नव्हती. त्यासाठी ऐंशी पावलं खाली, शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत जावं लागायचं. दादाला त्याचं सुख होतं. रोज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तो मला रेडिओवर भेटायचा. बोलून नाही, मोर्सच्या टिंबं-रेघांनी.

मोर्स मी पुस्तकावरून एकट्यानेच शिकलो, अकराव्या वर्षी. तेव्हा प्रत्येक अक्षराला माझ्याकडून एक टिंब जास्त पडायचं. दादाने तेव्हापासून मला टिंब्या म्हणायला सुरुवात केली. हवेत त्याची हाक म्हणजे त्या नावाची इंग्रजी दोन अक्षरं, टी आणि बी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. एक रेघ. मग रेघ आणि तीन टिंबं. मग दोन टिंबं, दोन रेघा, दोन टिंबं. टिंब्या, आहेस का? त्याचं मधलं बोट तरुणपणी लेथ मशीनमध्ये चेपलं होतं, त्यामुळे बीचं शेवटचं टिंब किंचित उशिरा पडायचं. हजार माणसांत मी ते टिंब ओळखलं असतं.

एक नियम होता, त्यानेच लहानपणी घातलेला. हाक मोठ्याने मारायची, ओ धाकट्याने द्यायची. मी पहिल्यांदा बटण दाबायचं नाही. चार वीसला बसायचं, ऐकायचं. दहा मिनिटांत हाक आली नाही तर वहीत 'बँड बंद' लिहायचं, म्हणजे आज वरच्या हवेने आवाज पोचवला नाही, आणि उठायचं. इतक्या वर्षांत असं कितीतरी वेळा झालं होतं.

अकरा मार्चला, गुरुवारी, असंच झालं. माझ्या वहीत नोंद आहे: "४.२० ते ४.३०. बँड बंद. आज कान अगदी स्वच्छ, खरखर नाहीच. बरं वाटलं."

शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला दादाच्या घराचं दार सताड उघडं दिसलं. दादा रेडिओच्या टेबलाशी बसलेला होता, कानावर हेडफोन. वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, घरात तो एकटाच. डॉक्टर म्हणाले, हृदय, आदल्या संध्याकाळी कधीतरी. मी पोचलो तोवर त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. घरात दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात आल्या. दिवसाढवळ्यासुद्धा कडी लावणारा माणूस, पण दार उघडं. आणि स्वयंपाकघरातली एक खुर्ची टेबलाशी आणून ठेवलेली, त्याच्या खुर्चीसमोर. लोक म्हणाले, गुदमरलं असेल, वाऱ्यासाठी दार उघडलं असेल. खुर्चीबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

वहिनीने मला एकदाच विचारलं होतं.

"भावजी, कानाला ते होतं यांच्या. तुम्हालाच बोलावत असणार. काही ऐकू आलं नाही तुम्हाला?"

"नाही वहिनी. बँड बंद होता त्या दिवशी."

त्यानंतर मी रेडिओ लावला नाही. लावून कोणाचं ऐकायचं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली, निदान पुसून तरी ठेवा. मी फडकं घेतलं, सवयीने रेडिओ चालू केला आणि भिंतीपासून पुढे ओढला. एकदम खरखर अंगावर आली. रेडिओ परत मागे सरकवला. शांत. पुढे ओढला, खरखर. असं मी चारपाच वेळा केलं. नंतर मीटरमागचा जंपर काढला आणि सुरीने उभा चिरला.

तो मीच केलेला होता, फोमच्या केबलचा. डाग देताना मी सोल्डरची इस्त्री जास्त वेळ टेकवली असणार. फोम मऊ झाला होता. नंतर तुकडा घट्ट वळला, तेव्हा मधली तार त्या मऊ फोमातून सरकत जाळीला टेकली. तार जाळीला टेकली की रेडिओ बहिरा. आवाज येत नाही, खरखरही येत नाही.

वही काढली. दहा मार्च, बुधवार: "रेडिओ भिंतीला टेकवून ठेवला. हिला टेबलावर जागा हवी होती."

खरखर नसणं ही चांगली खूण नव्हे, हे कोणताही नवशिका सांगेल. बँड बंद असला तरी हवा खरखरतेच. मला तीस वर्षं माहीत होतं. तरी मी लिहिलं, बरं वाटलं. त्या दिवशी एकदा जरी बटण दाबलं असतं तर मीटरचा काटा उडाला असता आणि सगळं कळलं असतं. पण मी धाकटा.

हे मी कोणाला सांगितलं नाही. चिरलेला तुकडा पाकिटात घातला आणि ठरवलं की सगळे जंपर नव्याने करायचे. त्याने काय होणार होतं ते माहीत नव्हतं. हाताला काम हवं होतं.

रविवारी, तेरा जूनला, सहा तुकडे कापले. प्रत्येक एक्क्याण्णव सेंटिमीटर. डाग देताना राळेचा धूर खोलीभर झाला.

"अहो, निदान खिडकी तरी उघडा," बायको आतून म्हणाली. "तुमच्यापायी माझ्या कणकेलाही तो वास लागतो."

प्रत्येक तुकड्यावर पांढरी चिकटपट्टी लावून माझ्या अक्षरात नंबर, लांबी आणि तारीख लिहिली. एक, रेडिओ ते मीटर. दोन, मीटर ते जुळवायचा डबा. तीन, तिथून खटका. पाच, खटक्यापासून भिंतीकडे, छपरावरच्या तारेला. सहावा शिल्लक.

चार नंबरचा खटक्यापासून खोट्या एरियलला. खोटं एरियल म्हणजे तेलाने भरलेला पत्र्याचा बंद डबा. आत एक रोध बुडवलेला असतो. रेडिओला वाटतं की एरियल आहे, पण पाठवलेलं सगळं त्या तेलात उष्णता होऊन जिरतं. बाहेर जात नाही, बाहेरून येतही नाही. तपासणीपुरता तो डबा वापरतात.

सगळं जोडून झालं तेव्हा चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. खटका छपराच्या तारेवर ठेवला. खरखर व्यवस्थित होती. मी उठणार होतो. चार वीसला खरखरीच्या तळाशी, फार बारीक, हाक आली.

रेघ. रेघ आणि तीन टिंबं. प्रश्नचिन्ह.

शेवटचं टिंब उशिरा पडलं.

मी वहीत लिहिलं, "कोणीतरी सराव करतंय." मग बसून राहिलो. दर पाच मिनिटांनी तीच हाक येत होती. सहा वाजून दहा मिनिटांनी थांबली.

सोमवारी पुन्हा तसंच, त्याच वेळी. तेवीस हाका मोजल्या. शेवटच्या हाका सावकाश होत्या, अक्षरांमधली अंतरं वाढलेली. बटण जड झाल्यासारखं.

मला भीती वाटली का? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. काही वाटलं नाही. दाताला भूल दिल्यावर ओठ जसा आपला नसतो, तसं सगळं होतं. मी तपासणी करत गेलो, कारण तपासणी करता येत होती.

मंगळवारी हाका सुरू झाल्यावर खटका चार नंबरवर फिरवला, तेलाच्या डब्याकडे. खरखर जायला हवी होती, ती गेली. हाक जायला हवी होती. ती राहिली. आता आसपास काहीच नव्हतं, त्यामुळे ती शेजारच्या खोलीतून कोणी टेबलावर टकटक करावं इतकी जवळ वाटली.

बुधवारी पाच नंबर भिंतीतून काढूनच टाकला. छपराशी काही संबंध उरला नाही. दोन जाळ्यांची केबल, डाग पक्के, टोकं आवळलेली, शेवटी बंद डबा. बाहेरून काही शिरायला सुईएवढी वाट नव्हती. चार वीसला हाक आली, आदल्या दिवशीपेक्षा ठळक.

बायको चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. तिला मोर्स येत नाही.

"अहो, कोण आहे हे? चार दिवस ऐकतेय. एकसारखं तेच वाजवतोय."

"आहे कोणीतरी."

"मग कोणी उत्तर का देत नाही त्याला?" तिने कप ठेवला. "द्या ना तुम्ही. ऐकवत नाही हो. दार ठोठावल्यासारखं वाटतं."

मी बटणावर हात ठेवला आणि काढून घेतला. उत्तर द्यायचं म्हणजे कोण आहे ते मान्य करायचं.

गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"भावजी, यांची रेडिओची वही सापडली. हॉस्पिटलमधून आलेल्या कपड्यांच्या पेटीत खाली होती, मी उघडलीच नव्हती. रविवारी येते घेऊन."

"मी येतो ना तिकडे. तुम्ही कशाला एवढ्या लांब..."

"नको. मीच येते."

आवाज सपाट होता. मला कळलं की वहीत त्या दिवसाच्या हाका असणार, वेळेसकट. दादा सगळं लिहायचा. रविवारी तिला पाकिटातला तुकडा दाखवावा लागणार होता. तो हाक मारत होता, वहिनी. बँड बंद नव्हता, मी बहिरा होतो. हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणून बघितलं. शब्द लागत होते, त्यांत काही नव्हतं.

त्या दिवशी, सतरा जूनला, चार वीसपासून मी खटका चार नंबरवर ठेवून ऐकत बसलो. साडेपाचला हाकांमधला प्रश्न गळून पडला. नुसतंच रेघ, रेघ आणि तीन टिंबं. पावणेसहाला बीमधलं एक टिंब राहून गेलं. सहा वाजता बायको दारात येऊन उभी राहिली.

सहा वाजून पाच मिनिटांनी मी बटण दाबलं.

दादा, टिंब्या. ऐकतोय. निघतोय. वाट बघ.

असंच का पाठवलं, त्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दुसरं काय सांगतात? पावणेदोन तास कोणी नाव घेऊन बोलावतंय, त्याला काय सांगायचं? काहीतरी बरं वाटेल असं सांगतात. ते दोनदा पाठवलं. मीटरचा काटा जिथे हवा तिथे होता, जरासुद्धा हलला नाही. जंपर उत्तम झाले होते.

बराच वेळ काही नाही. मग टिंब, रेघ, टिंब. पोच. मिळालं. एकदाच, सावकाश.

मी तेलाच्या डब्याला हात लावून बघितला. कोमट होता. म्हणजे मी पाठवलेलं सगळं त्या तेलातच जिरलं होतं.

वहीत लिहिलं: "१७ जून. ६.०५, निघतोय, वाट बघ, असं पाठवलं. ६.१०, पोच."

शुक्रवारी चार वीसला काही आलं नाही. शनिवारीही नाही. "सुटला बिचारा," बायको म्हणाली. तिने कोणाबद्दल म्हटलं ते मी विचारलं नाही.

रविवारी अकराला वहिनी आली. तीन महिन्यांत हाडकली होती. बायकोने पाणी दिलं, बाळाची चौकशी केली. वहिनी म्हणाली, बरी आहे, मान धरते आता. मग मांडीवरची पिशवी सरळ करत बसली. मी खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी..."

"आधी हे वाचा."

वही तिने पान उघडूनच दिली. दादाचं अक्षर, डावीकडे वेळा. ४.२०, हाक, उत्तर नाही. ४.२५, हाक, उत्तर नाही. छातीत दुखतंय. पुढे तसंच खाली खाली, अक्षर मोठं आणि तिरकं होत गेलेलं. हे मला माहीतच होतं. ५.४५ समोर लिहिलं होतं: "आता खाली शेजारी जातो. जमेल असं वाटतं." त्याखाली 'सव्वासहाला निघतो' असं लिहून खोडलेलं, आणि खोडल्याच्या पुढे:

"६.१०. टिंब्या मिळाला! बारीक पण स्वच्छ. निघालाय. वाट बघ म्हणाला. थांबतो."

"६.२५. दार उघडून ठेवलं. खुर्ची आणली."

मी पान पुन्हा वरपासून वाचलं. खोलीत राळेचा वास अजून होता.

"ऐंशी पावलं होती भावजी," वहिनी म्हणाली. "हळूहळू गेले असते. शेजारी गाडी आहे. जाणारच होते, लिहिलंय त्यांनी. तुम्ही थांबवलंत."

"वहिनी, मी त्या दिवशी..."

"तीन महिने मी सगळ्यांना सांगतेय, भावजींना ऐकू आलं नाही हो, बिचाऱ्यांचा काय दोष. तुम्हीच सांगितलंत मला. बँड बंद होता म्हणून."

बायको माझ्याकडे बघत होती. सतरा जूनला तीच दारात उभी होती.

"शेवटची ओळ वाचलीत का?"

वाचली नव्हती. ती पानाच्या अगदी तळाशी, कडेला होती.

"७.४०. आला."

"दोनशे किलोमीटर दीड तासात कसे आलात, ते मी विचारत नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली गेला होता. "असाल कुठे जवळपास, कामाला गेलेले. मला एवढंच सांगा. आलात, समोर बसलात... आणि मग उठून का गेलात? त्यांना तसं ठेवून?"

मी आलो नव्हतो, हे सांगायला तोंड उघडलं. ते खरं होतं. पण त्याआधी 'निघतोय' म्हणालो होतो, तेही खरं होतं, माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

"मी नव्हतो," एवढंच म्हणालो.

"मग हे कोणाचं?"

तिने पिशवीतून हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर सोडलं. तपकिरी केबलचा तुकडा, दोन्ही टोकांना कनेक्टर.

"मुठीत होता त्यांच्या. दूधवाला म्हणाला, बोटं सोडवावी लागली. हॉस्पिटलवाल्यांनी घड्याळ-चष्म्याबरोबर दिला. मला वाटलं, यांचंच काहीतरी असेल. परवा चिकटपट्टी बघितली. तुमचं अक्षर मी ओळखते, भावजी."

चिकटपट्टी मळकी झाली होती. नंबर चार. एक्क्याण्णव सेंटिमीटर. पुढे तारीख होती, तेरा सहा. मी तिच्यावर अंगठा ठेवला. वहिनीने ती वाचली असेल-नसेल, वाचली तरी तिला त्यात काही दिसलं नसेल. एका टोकापासून चार बोटांवर केबलला मुरड पडलेली होती, घट्ट धरून ओढल्यासारखी.

मी उठून यंत्रांच्या मागे वाकून बघितलं. चार नंबर जागेवर होता. खटक्यापासून तेलाच्या डब्यापर्यंत, सरळ, कोरा, चिकटपट्टी पांढरीशुभ्र. तेरा सहा.

परत येऊन बसलो. पाकीट टेबलावर तसंच होतं. ते उघडून आता काय सांगणार होतो? मी बहिरा होतो? वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी काही बोलत नव्हतो. तिला त्याचा अर्थ जो लागायचा तो लागला.

ती पदराने डोळे न पुसताच उठली. दरवेळी निघताना 'येते' म्हणते. त्या दिवशी 'जाते' म्हणाली. वही आणि तुकडा माझ्याकडेच राहिला.

याला आता महिना होऊन गेला. चार वीसला मी बसतो, खरखर ऐकतो, बंद करतो. हाक येत नाही. बायको कारणाशिवाय त्या खोलीत येत नाही. रात्री मधेच विचारते, "तुम्ही कुठे जाणार नाही ना?" मी नाही म्हणतो.

माझा चार नंबरचा जंपर काढून मी कपाटात, कुलपात ठेवला आहे. वहिनीने आणलेला दुसऱ्या खणात. रोज सकाळी दोन्ही बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवतो, फूटपट्टी लावतो, भिंगातून बघतो आणि वहीत लिहितो. दादाच्या वहीत मी पोचलो आहे. माझ्या वहीत मी अजून निघालेलो नाही. रोज तेवढीच नोंद असते: माझा सरळ आहे, कोरा आहे.

आज सकाळी माझ्या तुकड्यावर, टोकापासून चार बोटांवर, केसाएवढी मुरड दिसली. वेळ लिहून ठेवली आहे. सात चाळीस.